साडेसतरा इंच

"काकू, तुम्हाला दोन सीट लागतील," तिकीट ऑफिसातला माणूस म्हणाला, तेव्हा मास्तरीणबाई अजून दारातून पुरत्या आतही आल्या नव्हत्या.

म्हणजे बघा. बाईने कुठे जायचं ते सांगितलेलं नाही, कधी जायचं ते सांगितलेलं नाही, पायपुसण्यावर चपला घासायला म्हणून जरा थांबलेली, आणि हा गृहस्थ खुर्चीत बसल्याबसल्या निकाल देऊन मोकळा. रांगेत आणखी चार जण होते. चौघांनीही आधी मास्तरीणबाईंकडे पाहिलं आणि मग घाईघाईने भिंतीवरच्या निळ्या समुद्राच्या चित्राकडे पाहिलं. त्या समुद्रात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

बाजारपेठेत सगळे त्यांना मास्तरीणबाईच म्हणत. नवरा टेलरमास्तर, म्हणून ही मास्तरीण, इतकं सरळ. खरं तर दुकानात कापायचं काम तेवढं मास्तरांचं. शाळांचे गणवेश, हॉटेलातल्या वाढप्यांचे शर्ट, दवाखान्यांचे ॲप्रन, हे सगळं मशीनवर उतरवायच्या त्या मास्तरीणबाई. तीस वर्षं. पण नाव नवऱ्याच्या धंद्याचं, आणि अंगावरून बोलणी मात्र त्यांची स्वतःची.

"दोन कशाला?" त्यांनी विचारलं. "मी एकटीच जाणार आहे."

"तसं नाही काकू. चौदा तासांचा प्रवास आहे. तुम्हालाच त्रास होईल. शिवाय शेजारच्यालाही त्रास."

"शेजारचा येऊन तक्रार करून गेला का?"

रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या माणसाने समोरच्या खुर्चीकडे हात केला, पण ती हातांची खुर्ची होती, आणि हातांच्या खुर्चीशी मास्तरीणबाईंचं जुनं वैर होतं. त्या उभ्याच राहिल्या.

"सीट किती रुंद असते?"

"असते की नेहमीसारखी."

"नेहमीसारखी म्हणजे किती इंच?"

त्याला माहीत नव्हतं! विमानाची तिकिटं विकून ज्याचं पोट चालतं, त्याला सीट किती इंचांची ते माहीत नाही. मास्तरीणबाईंच्या दुकानात ज्याला शर्टाचा खांदा किती ते सांगता येत नाही, त्याला कात्रीला हात लावू देत नाहीत. पण सीटचं माप माहीत नसताना बाईचं माप मात्र याने दारातच काढलं होतं. शेवटी त्याने कपाटातून एक फॉर्म काढून दिला. बसल्यावर शरीराची रुंदी किती, ते भरून आणा म्हणाला, कंपनीला पाठवू.

तळपायाची आग मस्तकात गेली होती, तरी मास्तरीणबाईंनी तो फॉर्म नीट चार घड्या करून पिशवीत ठेवला. ठेवावाच लागला. एकुलती एक मुलगी परदेशी, पहिलं बाळंतपण, आणि दिवस भरायला पाच आठवडे उरलेले. जावयाची नोकरी फिरतीची. ऐन वेळी तो घरी असेलच याचा नेम नाही. त्याने एका माणसाचं तिकीट काढून देतो म्हणून कळवलं होतं, आणि नाव पुढच्या शनिवारपर्यंत पाहिजे होतं. दिवस राहिले तेव्हाच मुलगी फोनवर म्हणाली होती, "आई, त्या वेळी माझा हात तू धरायचास. दुसरं कुणी नको." त्या दिवसापासून मास्तरीणबाईंच्या मनाने विमानात बसूनही झालं होतं. राहिलं होतं ते शरीर.

आणि घरात दुसरी एक जण तयारच बसली होती. मास्तरांची थोरली बहीण वरच्या खोलीत राहायची. टपालखात्यातून निवृत्त झालेली, रोज सकाळी तासभर चालणारी, दोनदा परदेशी जाऊन आलेली. अंगात नुसती हाडं, पण जिभेला एकही नाही.

"अगं, मी तुझ्याच भल्याचं सांगते," फॉर्म बघून ती म्हणाली. "विमानातलं ते न्हाणीघर म्हणजे कपाट असतं कपाट. माझंसुद्धा कोपर लागतं. तुझं कसं व्हायचं? तिथे अडकलीस तर कोण काढणार? त्यापेक्षा मी जाते. शेवटी आत्या काय आणि आई काय."

"आत्या आत्या असते, ताई, आणि आई आई असते," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि दुकानात निघून गेल्या.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि त्यांना स्टुलावर बसायला सांगितलं. मास्तर माणूस तसा सुतासारखा सरळ, आणि अबोल. त्यांची एक पद्धत होती. बारीक गिऱ्हाईकाचं माप ते मोठ्याने सांगत आणि मास्तरीणबाई वहीत उतरवून घेत. पण गिऱ्हाईक अंगाने भरलेलं असलं की मास्तर तोंडाने चकार शब्द काढत नसत. आकडा चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी घडी घालून पुढे सरकवायची. चारचौघांत कुणाला ओशाळं वाटू नये, एवढाच हेतू. त्या दिवशीही त्यांनी टेप फिरवली, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले, फॉर्मवर आकडा लिहिला आणि फॉर्म घडी घालून पाकिटात टाकला. मास्तरीणबाईंनी विचारलं नाही. त्या पद्धतीत विचारायचं नसतं.

चार दिवसांनी, बुधवारी, तिकीट ऑफिसातून फोन आला.

"काकू, तीस इंच आहे तुमचं. अठ्ठावीसच्या वर असलं की दोन सीट घेऊनही चालत नाही. कंपनीच्या डॉक्टरांची परवानगी लागते. त्याला सहा आठवडे."

"पण माझ्या मुलीला पाचच आठवडे आहेत."

"त्याला मी काय करणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या खोलीत माळ्यावरून बॅग काढल्याचा आवाज झाला. नणंदेने लोकरीचे कपडे बाहेर काढले, उन्हात टाकले, आणि जिन्यातून खाली येताना दर वेळी "बघ हं, माझी काही हौस नाही" असं म्हणायला लागली. बुधवारी रात्री मास्तरीणबाई जेवल्या नव्हत्या. गुरुवारी सकाळीही जेवल्या नाहीत. दुपारी मशीनवर बसल्यावर एका ॲप्रनचा खिसा उलटा बसला, तेव्हा त्यांना स्वतःचाच संताप आला. उपाशी कशासाठी राहतोय आपण? कंपनीसाठी? त्या फॉर्मसाठी? बावन्न वर्षांचं हे शरीर, याने पोर वाढवली, सासूची आजारपणं काढली, दिवसाला चाळीस-चाळीस गणवेश उतरवले, एक दिवस रजा मागितली नाही. आणि त्याला शिक्षा काय, तर उपास!

"तीस?" काज-बटणं करणाऱ्या बाई कोपऱ्यातून म्हणाल्या. दुकानात त्या वीस वर्षं होत्या, सगळे त्यांना काजवाल्या बाई म्हणत, आणि कानाने त्या भलत्याच तिखट होत्या. बुधवारचा फोन त्यांनी कोपऱ्यात बसून पुरता ऐकला होता. "कालपासून मी तोच विचार करतेय. कुठून आणला तीस?"

"मास्तरांनी मोजलं."

"मोजलं असेल. पण आपल्या ट्रायल रूमचं दार चोवीस इंचांचं आहे. सुतार माझ्यासमोर मोजून गेला. तुम्ही दिवसातून दहा वेळा त्यातून आत जाता, तेही अंग तिरकं न करता, हातात कपडे घेऊन. तीस इंच असतात तर दार चौकटीसकट घेऊन बाहेर आला असतात."

मास्तरीणबाईंचा पाय मशीनच्या पट्टीवरच थांबला.

कापायच्या टेबलावर खाकी कागद पसरला. मास्तरीणबाई त्यावर चढून बसल्या, दोन्ही गुडघे जुळवून, अगदी विमानात बसल्यासारख्या. काजवाल्या बाईंनी दोन्ही अंगांना पट्ट्या उभ्या धरून खडूने खुणा केल्या. खाली उतरून दोघींनी मोजलं. वीस. पुन्हा बसल्या, पुन्हा मोजलं. वीसच.

मास्तर चहा पिऊन परत आले तेव्हा तो कागद त्यांच्या वाटेत आडवा धरलेला होता.

"हे काय लिहिलंत तुम्ही फॉर्मवर?"

मास्तर गोंधळले. "का गं? चोपन्न आलं होतं. त्याचे अर्धे सत्तावीस. वर तीन इंच ढील. झाले तीस."

"अर्धे कशाला?"

"दुहेरी कापडावर अर्धंच धरतात की."

मास्तरीणबाईंनी हातातला कागद टेबलावर आपटला.

"मी काय दुहेरी घडी घालून टेबलावर पसरलेलं कापड आहे?" मास्तरीणबाई कडाडल्या. "माणूस आहे मी! मला पुढे आहे, मागे आहे, जाडी आहे! तीस वर्षं झाली संसाराला, आणि तुमच्या हिशेबात मी अजून कापडाच्या ठाणातच आहे?"

काजवाल्या बाईंनी दोरा तोडायच्या निमित्ताने तोंड खाली घातलं. मास्तर स्टुलावर बसले. चष्मा काढून पुसायला लागले.

"हात सवयीने गेला," ते म्हणाले. "आणि ते तीन इंच... ते तुझ्या कपड्यांना मी नेहमीच धरतो. तुला कुठे आवळलं तर तू सांगत नाहीस. दिवसभर तशीच बसतेस."

हे मास्तरीणबाईंना माहीत नव्हतं. एरवी त्या विरघळल्या असत्या. पण राग अजून उतरला नव्हता, आणि उतरू द्यायचाही नव्हता.

"मग मोठ्याने सांगायचं होतं! तुम्ही 'अर्धे' म्हणाला असतात तर मी तिथल्या तिथे धरलं असतं. चिठ्ठ्या कसल्या लिहिता? माझं माप म्हणजे काय चोरीचा माल आहे?"

मास्तरांनी इतकी वर्षं जिला अदब म्हटलं होतं, तिची ही बाजू त्यांना कुणी दाखवलीच नव्हती.

शुक्रवारी सकाळी मास्तरीणबाई पोटभर जेवल्या, खाकी कागदाची गुंडाळी काखेत मारली आणि तिकीट ऑफिसात जाऊन उभ्या राहिल्या.

"वीस," त्या म्हणाल्या. "तीस नाही. चूक आमची होती, आमच्या मास्तरांची. हा कागद. मोजून घ्या."

तो माणूस दबक्या आवाजात म्हणाला, "काकू, जरा हळू. लोक आहेत."

"असू देत. लोकांसमोरच सुरुवात केली होती तुम्ही. आता कंपनीला फोन लावा आणि विचारा, सीट किती इंचांची."

त्याने लावला. बराच वेळ संगीत ऐकलं, तीन जणांशी बोलला, मग कागदावर आकडा लिहून कागद पुढे सरकवायला लागला.

"चिठ्ठी नको. सांगा."

"साडेसतरा."

अडीच इंच. एवढी भांडणं करून, एवढं मोजमाप करून, तरीही अडीच इंच कमीच. आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याची कळा उमटली. "म्हणजे डॉक्टर नको, पण सीट दोनच," तो म्हणाला. "मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

"कुणाचं माप घेऊन शिवली ही सीट?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"सरळ विचारतेय. आमच्याकडे गिऱ्हाईक येतं. कुणाचा खांदा उतरता, कुणाची पाठ पोक आलेली, कुणाचं पोट पुढे. शर्ट बसला नाही तर आम्ही म्हणतो, शर्ट चुकला. उसवतो आणि पुन्हा शिवतो. गिऱ्हाईक चुकलं असं तीस वर्षांत एकदा म्हटलं नाही. म्हटलं असतं तर गिऱ्हाइकाने शर्ट तोंडावर फेकला असता. आणि तुमची ही कंपनी साडेसतरा इंचांची खुर्ची करते, त्यात जगातल्या सगळ्यांना बसवते, आणि जो बसत नाही त्याला फॉर्म भरायला लावते!"

"माझे तर गुडघेच बसत नाहीत," रांगेतला एक उंच माणूस मागून पुटपुटला.

"मग बोला की मोठ्याने," मास्तरीणबाई त्याच्यावरही उखडल्या.

"काकू, विमान काय मी बनवतो?" तिकीटवाला रडकुंडीला आला. "घेऊ का दोन सीट? तेवढं सांगा."

"नाही. मी एक माणूस आहे. एकाच माणसाचं तिकीट काढीन."

त्या ताडताड निघून आल्या. रस्त्यात त्यांना आपण जिंकल्यासारखं वाटत होतं. घराच्या पायरीशी आल्यावर लक्षात आलं, की जिंकलं कुणीच नाही. उद्या शनिवार.

शनिवारी दुपारी मुलीचा फोन आला. तिकडे नुकतं उजाडलं होतं. मास्तरीणबाईंनी फोन मशीनला टेकवून ठेवला. मास्तर मागे उभे होते. नणंद पासपोर्ट हातात घेऊनच खाली आली होती. पडद्यावर नेहमीसारखा मुलीचा चेहरा, हनुवटीपर्यंत.

"आई," ती म्हणाली, "आत्यालाच येऊ दे."

"बघ," नणंद म्हणाली.

मास्तरीणबाईंना वाटलं, आपल्या कानाखाली कुणीतरी वाजवली. रांगेतल्या लोकांचं एक वेळ ठीक. पण ही?

"तुलाही लाज वाटते का गं माझी?"

"तुझी नाही!" मुलीचा चेहरा वाकडा झाला. "तुझी नाही, आई. माझी." आणि ती रडायलाच लागली. रडतरडत बोलत राहिली. दवाखान्यात वजन करणारी एक बाई आहे. आकडा बघितला की ती तो अख्ख्या दालनाला ऐकू जाईल असा ओरडून सांगते. तपासणीचा गाऊन अंगाला पुरत नाही, म्हणून दोन देतात, एक पुढून, एक मागून, आणि मध्ये नाडीने बांधतात. परवा एक सुटला. ती बाई दुसरीला म्हणाली, अशा बायकांचं असंच असतं. "तू इथे आलीस, की ती तुझ्याकडे बघेल, मग माझ्याकडे बघेल, आणि म्हणेल, आता कळलं कुठून आलं ते. मला ते तुझ्यासमोर ऐकायचं नाही. तुला कुणी काही बोललेलं मला नाही बघवणार."

मास्तरीणबाईंनी फोन जरा जवळ ओढला.

"उभी राहा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"काय?"

"फोन टेबलावर ठेव आणि मागे जाऊन उभी राहा. मला तू पूर्ण दिसली पाहिजेस."

"नको ना, आई."

"ऊठ."

मुलगी उठली. मागे सरकली, भिंतीला टेकली. आठ महिन्यांत पहिल्यांदा ती आईला अख्खी दिसली. मास्तरीणबाईंचेच खांदे, मास्तरीणबाईंचंच रुंद अंग, वर भरलेलं पोट. अंगात नवऱ्याचा शर्ट होता. खालची चार बटणं लागत नव्हती. ती दोन्ही हातांनी शर्टाची टोकं पोटावर ओढून धरत होती, आणि तरी पोट उघडंच राहत होतं.

टेलरच्या मुलीला अंगभर कपडा नाही. मास्तरीणबाईंच्या डोळ्यांपुढे तिकीटवाला आला, नणंद आली, ती न पाहिलेली ओरडणारी बाई आली, आणि मग स्वतः त्या आल्या, कालच्या, ऑफिसातून ताडताड निघालेल्या. एक माणूस, एक तिकीट! इकडे ही आठ महिने हनुवटीखालचं लपवत बसली होती, आणि आपण अडीच इंचांच्या मानापमानात अडकलो होतो.

"लिहा हो," त्या मास्तरांना म्हणाल्या.

मास्तर सवयीने चिठ्ठी शोधायला लागले.

"वहीत लिहा. छाती अठ्ठेचाळीस. पोट साठ. खांदा सोळा. पूर्ण पाठ झाकणारा, पुढून नाड्या, बाळाला पाजता आलं पाहिजे. चार गाऊन. सुती, मऊ. ढील तीन नाही, सहा इंच धरा. मंगळवारपर्यंत मी शिवून टाकते." पडद्यावर नजरेनेच माप काढत त्या एकेक आकडा अशा खणखणीत आवाजात सांगत होत्या, की समोरचा किराणावालाही दाराशी येऊन उभा राहिला. पडद्यावर मुलीने शर्टावरचे हात काढले होते.

"ताई, तुमचा पासपोर्ट ठेवून द्या," त्या नणंदेला म्हणाल्या. नणंद काहीतरी म्हणणार होती. पण तिने पडद्याकडे एकदा पाहिलं आणि पासपोर्ट पिशवीत टाकला.

"आणि तिकीट ऑफिसात फोन करा. दोन सीट सांगा. एक जावई देतील, दुसरी माझ्या शिवणाच्या पैशांची. कापड कमी पडलं तर आपण पट्टी जोडतो, तशी जोडतेय. त्यात माझं काही चुकलेलं नाही, हेही त्याला सांगा."

"आई," मुलगी फोनजवळ येत म्हणाली. आवाज अजून ओला होता. "ती बाई खरंच बोलेल गं. तोंडावर बोलेल."

"बोलू दे. पुढच्या वेळी गेलीस की तिला आधीच सांगून ठेव," मास्तरीणबाईंनी मशीनमध्ये दोरा ओवला. "म्हणावं, माझी आई येतेय. आणि ती माझ्याएवढीच आहे."